पैशाचे सोंग
(बोईसर येथे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या बैठकीत केलेले भाषण. बैठकीला काही मुलांचे वडीलही गावाकडून आले होते. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी येथे देत आहोत.)



सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्या आज्या सांगत आल्या. त्यांच्या काळी ते खरेच होते. घरात कापसाचा ढीग किती, कडब्याची गंजी किती, पेवात ज्वारी किती, दावणीला बैल किती, हे येणाराजाणारा बघत होता. सावकाराला तर आपल्या घरचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त पाठ होता. सोयरिकीच्या वेळी शेजाऱ्याची बैलजोडी आपल्या दावणीला बांधणारे होते, नाही असे नाही. पण पाहुणेही शेतकरीच. ते मुलाला म्हणायचे, जा रे, बैलांना जरा पाण्यावर ने. बैल रोजच्या हाताचा नसला की शिंगे रोखून उभा राहायचा. सोंग तिथेच उघडे पडायचे.

आता सोंग मोबाइलवर आले आहे आणि तिथे बैल नाही.

तारापूरला हा विषय का काढला ते सांगतो. इथे रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत आणि त्यांत कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातून आलेली पुष्कळ मुले ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. पाऊस रुसला म्हणून, बोंडअळीने खाल्ले म्हणून, नाहीतर नुसतेच घरी भागेना म्हणून आलेली. अशाच एका मुलाच्या वडिलांनी आम्हाला हकीकत सांगितली. पोरगा बारा तासांची शिफ्ट करतो, एका खोलीत सहा जण राहतात. पण गावात त्याच्या मोबाइलच्या स्टेटसवर काय दिसते? पांढऱ्या गाडीला टेकून काढलेला फोटो, मोठ्या हॉटेलातले जेवण आणि एक हिरवा आकडा : एकेचाळीस लाख, क्रिप्टो. बापाला पत्ता नाही. त्याला कळले कधी, तर भावकीतला एक जण कापसाचा चुकारा खिशात घेऊन दारात उभा राहिला तेव्हा. म्हणाला, दादा, तुमच्या पोराला सांगा, आमचेही लावून दे.

बाप पोराला भेटायला इथे आला, तेव्हा पोरगा रडला. गाडी हॉटेलच्या दारात उभी असलेली, कुणाची तरी. हॉटेलचा फोटो दुसऱ्याने पाठवलेला. आकडा खोटा. खरे एवढेच, की त्याचे स्वतःचे साठ हजार त्यात बुडाले होते. ज्याने त्याला गुंतवले तो म्हणाला होता, पैसे परत हवेत ना? मग खाली आणखी माणसे आण. माणसे यायला हवी असतील तर आधी श्रीमंत दिस.

या धंद्याची घडी अशी आहे. बुडालेल्यालाच सोंग घ्यायला लावायचे. फोटोतले पोर लबाड नसते, बहुतेक वेळा ते अडकलेले असते. आम्ही त्या पोराला माफ करा असे म्हणत नाही. चुकारा घेऊन आलेला माणूस त्याच्या फोटोवर विश्वास ठेवूनच आला होता.

हे एका खोलीपुरते नाही. नागपूरला 'इथर ट्रेड एशिया' नावाचे प्रकरण झाले. पोलिसांनी जे सांगितले ते असे. २०१७ साली पचमढीला मेळावा भरवून लोकांना इथर या आभासी नाण्याचे फायदे समजावले. मुख्य आरोपी आपला थाटमाट दाखवून लोकांना ओढत असे. संकेतस्थळावर गुंतवणुकीचा आकडा फुगताना दिसत होता, पैसे मात्र दुसरीकडेच वळत होते. दोन हजारांवर माणसे, सुमारे ४० कोटी रुपये. मार्च २०२१ मध्ये माणूस गायब झाला, मार्च २०२२ मध्ये लोणावळ्यात सापडला. चार वर्षे लोक एका आकड्याकडे बघत बसले, कारण आकडा रोज वाढत होता. वाढणाऱ्या आकड्याकडे बघताना पैसे काढून बघावेत असे कुणाला वाटते?

पुण्याचे 'गेनबिटकॉइन' त्याहून मोठे. दरमहा १० टक्के, १८ महिने, असे आश्वासन. आपल्या गावचा सावकार शेकडा तीन-पाच घेतो तेव्हा आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. महिन्याला दहा देणारा माणूस तो पैसा कुठे लावत असेल? सावकाराच्या दुप्पट ओरबाडणारा धंदा जगात कुठला? हा हिशेब चौथी शिकलेल्या बाईला येतो, पण फोटो बघितल्यावर तो करावासा वाटत नाही. पुढे बिटकॉइन परत देण्याची वेळ आली तेव्हा गुंतवणूकदारांच्या हातात 'एमकॅप' नावाचे घरीच काढलेले नाणे टेकवले गेले.

आणि गंमत बघा. याच प्रकरणाच्या तपासात पुणे पोलिसांनी तांत्रिक जाणकार मदतीला घेतले होते. मार्च २०२२ मध्ये त्यांतल्या दोघांनाच पोलिसांनी पकडले. एकावर आरोप असा, की आरोपींच्या खात्यातली नाणी कमी दिसावीत म्हणून त्याने पडद्याचे फोटोच बदलून दिले. म्हणजे सोंग दोन्ही बाजूंनी आणता येते, नसलेले दाखवायचे आणि असलेले लपवायचे. पडद्याच्या फोटोने पोलीसही फसू शकतात, मग आपण कोण?

बिटकॉइन ही चीजच खोटी, असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी २००९ पासून ते चालू आहे. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर नाणी निघणार नाहीत असा त्याचा नियम आहे. त्याचा भाव चढतो तसा कोसळतोही, आणि तो कुणाच्या हातात नाही. पण मुख्य गोष्ट अशी, की त्याची वही उघडी आहे. कुठल्या खात्यावर किती नाणी हे जगातला कुणीही बघू शकतो. खाते आपले आहे हे सिद्ध करायचे तर त्या खात्याच्या गुप्त किल्लीने सही करून दाखवायची, नाहीतर चार पैसे हलवून दाखवायचे. खऱ्या मालकाला हे काम दोन मिनिटांचे. त्याला गाडीला टेकून उभे राहायची गरज नाही.

यातले जगातले सर्वांत मोठे सोंग एका ऑस्ट्रेलियन माणसाने आणले. क्रेग राइट त्याचे नाव. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन निर्माण करणारा तो मीच, असे त्याने २०१६ साली जाहीर केले. त्या सातोशीच्या नावावर दहा-अकरा लाख नाणी असावीत असा अंदाज आहे. लोक म्हणाले, ठीक, जुनी नाणी हलवून दाखव. दाखवतो म्हणाला आणि ऐन वेळी माघार घेतली. पुढे लोकांवरच दावे लावत फिरला. शेवटी २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले, हा सातोशी नाही, आणि याने कागदपत्रे बनावट केली. आपले पाहुणे जे बैलाच्या दोरीने करत होते, त्यासाठी तिकडे आठ वर्षे आणि वकिलांची फौज लागली.

आता आपल्या मालाचे बघा. सीसीआयच्या केंद्रावर कापसात यंत्र खुपसतात. ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, बाराच्या वर गेली की गाडी माघारी. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये, मालदांडी ज्वारीचा ३७४९. त्यातल्या एकेका रुपयासाठी आपल्या मालाची परीक्षा होते. आणि तोच रुपया मोबाइलवरच्या फोटोला देताना आपण काहीच खुपसून बघत नाही!

तर यंत्र आम्ही देतो. स्वतःला क्रिप्टोवाला म्हणवणारा कुणी दारात आला तर त्याला एवढेच म्हणा : यातले पन्नास हजार आज विकून रुपये तुझ्या बँकेत आण आणि पासबुक दाखव. सरकारने १ एप्रिल २०२२ पासून असल्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आहे आणि १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेवरच्या विक्रीत १ टक्का आधीच कापला जातो. त्याची नोंद आयकर खात्याकडे त्याच्या पॅन क्रमांकावर पडते. विकून गाडी घेतली म्हणतोस, तर ती नोंद दाखव. पैसे काढण्यासाठी आधी आणखी पैसे भरावे लागतात असे तो म्हणाला, तर बैलाने शिंगे रोखली असे समजा.

जमिनीच्या मोबदल्याबद्दल थोडे बोलतो, कारण मला भीती तिथे जास्त वाटते. या पालघर जिल्ह्यात बुलेट ट्रेनला जमिनी गेल्या, महामार्गाला गेल्या. आपल्याकडे समृद्धीला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एका धनादेशात उतरली. ज्या घराने पन्नास हजार एकत्र बघितले नाहीत, तिथे पन्नास लाख येतात. कुणाला किती मिळाले हे पंचक्रोशीला माहीत असते, फोटोवाल्यालाही. कापसाचे बुडाले तर पुढच्या मृगाला पुन्हा पेरू. मोबदल्याचे बुडाले तर पेरायचे कशात?

त्या बापाने पुढे काय केले ते राहिले. भावकीच्या माणसाला त्याने चुकाऱ्यासह परत पाठवले आणि पोराला म्हणाला, तो फोटो काढ आणि खरे काय झाले ते लिही. पोरगा म्हणाला, गावात तोंड कसे दाखवू? लग्नाचे जमत आले होते. तीन दिवसांनी त्याने लिहिले. सोयरीक मोडली. पण गावातल्या आणखी चार पोरांनी त्याला फोन करून सांगितले, आमचेही तसेच आहे.

ती चार पोरे आज या सभेत बसली आहेत. सभा संपल्यावर मागच्या टेबलापाशी आमचे दोन कार्यकर्ते थांबतील. ज्यांचे पैसे अडकले असतील त्यांनी पासबुक आणि मोबाइल घेऊन तिथे यावे. संदेश पुसू नका, तोच पुरावा आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन लावा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. ठेवी म्हणून घेतलेल्या पैशाला आपल्या राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते. पण तक्रार एकट्याने न देता एका गावच्या सगळ्यांनी मिळून द्यावी. ज्यांनी दुसऱ्याला गुंतवले आहे त्यांनीही यावे. त्यांचा अर्ज आम्ही आधी लिहू.