हाडांची मोजदाद

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ग्रंथांच्या सोबतीने नेत्ररोग्यांची काही जुनी टिपणे जपून ठेविलेली आहेत. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले सरफोजीराजे भोसले यांच्या आश्रयाने तेथे जे उपचार होत, त्यांची ही नोंद. तीत नुसता मजकूर नाही. दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. आरंभी काय होते हे नेमके टिपलेले नसेल, तर पुढे गुण आला की नाही हे सांगावयाचे कशाच्या आधारावर?

डोळा दिसतो, म्हणून त्याचे चित्र काढता आले. हाड आतल्या आत विरळ होत जाते आणि कुरकुर करीत नाही. तंजावरातील एखाद्या मराठी घरातल्या आजीबाई पाठीत वाकल्या, उंचीने दोन बोटे कमी भरल्या, तरी घरची मंडळी म्हणतात, वय झाले. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि कालपर्यंत घरभर वावरणारी बाई अंथरुणाला खिळते. अस्थिसुषिरता हे नाव पुष्कळदा त्यानंतर कानी पडते.

साध्या क्ष-किरण चित्रात हा ऱ्हास उमटावयास हाडातील सुमारे तिसरा हिस्सा खनिज आधीच गेलेले असावे लागते. म्हणून १९८७ च्या सुमारास निराळे यंत्र प्रचारात आले. त्याला डेक्सा म्हणतात. दोन भिन्न शक्तींचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून व खुब्यातून जातात. ते किती अडले यावरून मांसाचा वाटा वजा करून खनिजाचा हिशेब निघतो. सुई नाही, वेदना नाही. दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहावयाचे. किरणांची मात्रा अगदी अल्प असते.

येणारा आकडा तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविल्याप्रमाणे उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली गेल्यास अस्थिसुषिरता. मात्र आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. लहान चणीच्या बाईची घनता आहे त्याहून कमी भासते. उलट म्हातारपणी मणक्यांना फुटलेले हाडांचे कंगोरे ती फुगवून दाखवितात. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांनी ही तपासणी करून घ्यावी; पाळी लवकर गेली असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल किंवा स्टेरॉइडचे औषध दीर्घकाळ चालू असेल, तर त्याआधीच. उपचार सुरू झाल्यावर साधारण एक-दोन वर्षांनी पुन्हा मोजतात, आणि ते होईल तो त्याच यंत्रावर. सराफाचा काटा बदलला म्हणजे गुंजेचा फरक पडतो, तसेच येथे होते. यंत्राच्या चुकीच्या मर्यादेत बसणारा फरक सुधारणाही नव्हे आणि बिघाडही नव्हे. जुना अहवाल हाती असल्यावाचून डॉक्टरांना तेवढेही सांगता येत नाही.