तिन्ही वेळा अगदी सारखं?



"तू इंजिनिअर आहेस, विज्ञानावर पाच मिनिटं बोल," असा संयोजकांचा हुकूम आहे. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे विज्ञानातलं अधिकारानं बोलणार नाही. पण वाचनाची आवड सुटलेली नाही, आणि आज जे बोलणार आहे ते आपल्या प्रयोगशाळेपाशीच येऊन थांबतं.

डॉ. जयंत नारळीकर जन्मानं आपल्या कोल्हापूरचे. केंब्रिजला त्यांचे मार्गदर्शक होते फ्रेड हॉयल. या हॉयलना एक कोडं पडलं होतं. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन अणुकेंद्रं एकत्र आली की कार्बन बनतो. पण हिशेब केला तर विश्वात दिसतो तेवढा कार्बन तयारच होत नव्हता. अणुकेंद्राची ऊर्जा उतारासारखी सलग नसते, आपल्या नदीच्या घाटासारखी पायऱ्यापायऱ्यांची असते. कार्बनला एका ठरावीक उंचीवर एक पायरी असेल, तरच हॉयल यांचं गणित सुटत होतं.

१९५३ साली अमेरिकेत कॅलटेक संस्थेत असताना त्यांनी तिथल्या प्रयोग करणाऱ्यांना गाठलं आणि ही पायरी मोजून बघायला सांगितलं. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. तरी वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. पायरी सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, हॉयल म्हणत होते तिथेच! उत्तर काय यायला हवं हे हॉयलना माहीत होतं, पण मोजल्याशिवाय ते कुणी मानलं नाही.

आपण पहिली-दुसरीत होतो तेव्हा, फेब्रुवारी १९८७ मध्ये, दक्षिण आकाशात एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्या स्फोटात तयार झालेल्या निकेलचं कोबाल्ट होत होतं आणि कोबाल्टचं लोखंड. कोबाल्टचा तो प्रकार दर ७७ दिवसांनी निम्मा होतो, हे प्रयोगशाळेत आधीच मोजलेलं होतं. पुढे कित्येक महिने त्या ताऱ्याचा उजेड त्याच हिशेबानं कमी होत गेला. उजेडावरून शास्त्रज्ञांनी काढलं, की या एका स्फोटात जवळजवळ वीस हजार पृथ्व्यांच्या वजनाइतकं लोखंड बनलं. आपल्या रक्तातलं लोखंडही असंच कुठल्या तरी जुन्या ताऱ्यात घडलेलं आहे.

ही मोजमापं आपल्याकडेही होतात. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचा त्वरक आहे. वेगवान कणांचा झोत अणुकेंद्रांवर आदळवायचा आणि बाहेर पडणारे गॅमा किरण मोजायचे. त्यावरून अणुकेंद्राच्या पायऱ्या कळतात. गंमत म्हणजे दर वेळी आकडा किंचित वेगळा येतो. म्हणून पुन्हा पुन्हा मोजतात, आणि उत्तरासोबत ते किती इकडेतिकडे असू शकतं हेही लिहितात. तसं न लिहिलेल्या आकड्याला तिथे किंमत नसते.

हे वाचलं तेव्हा मला दहावीचं प्रात्यक्षिक आठवलं. भिंगाचं नाभीय अंतर काढायचं होतं. भिंगाच्या पाकिटावर १० सेंटिमीटर लिहिलेलं मी पाहिलं होतं. मी खिडकीकडे भिंग धरलंच नाही. वहीत तीन वेळा १०.० लिहून मोकळी झाले. शेजारी माझी मैत्रीण प्रामाणिकपणे मोजत होती. तिला १०.४, ९.७ आणि १०.२ आले. माझी वही बघून ती घाबरली आणि तिनं आपले खरे आकडे खोडले.

सरांनी वही पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तिन्ही वेळा अगदी सारखं?"

मी म्हटलं, "हो, सर."

सर काही बोलले नाहीत. सही करून पुढे गेले. आज ऑफिसात कुणी फार गुळगुळीत आकडे आणून दिले, की माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न निघतो. दर वेळी मनात थोडी लाजते.

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. मैत्रीणही आली आहे. सर, त्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं आहे. नाही सर, मी मोजलंच नव्हतं. आणि बाई गं, बरोबर तूच होतीस. तुझे ते खोडलेले आकडे पुन्हा लिही.