ध्वनिखंडाची नेमकी जागा

(उद्यमबाग, बेळगाव येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्यमबागेत मापाचे महत्त्व सांगावयास बाहेरून कोणी येण्याची आवश्यकता नाही. येथील टर्नर लेथवरचा जॉब डोळ्यांच्या अंदाजाने पुढे पाठवीत नाही. व्हर्निअर लावून मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचतो. आवाजाच्या कामात मात्र शिकलेसवरलेले लोकही अंदाजावर भागवितात. वृद्ध स्त्रियांच्या ओव्या, निवृत्त कामगारांच्या आठवणी, शाळेचे श्राव्य पाठ आता मोबाइलवर सहज ध्वनिमुद्रित करता येतात. ते तुकडे संगणकावर जोडताना प्रत्येकाची जागा कशी ठरवावी, एवढाच आजचा विषय आहे.

आकाशवाणीच्या फितीच्या काळात हे काम ब्लेडने होई. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ५३ मिलिसेकंद. कापणाऱ्याच्या हाताला तो हिशेब ठाऊक असे, कारण चुकीचा काप सांधणे कष्टाचे होते. आज सेकंदाचे बहुधा ४४,१०० नमुने घेतले जातात आणि काप क्षणात मागे घेता येतो. कदाचित म्हणूनच हलगर्जीपणा वाढला असावा.

ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकाच ओवीचे ध्वनिमुद्रण दोन मोबाइलवर केले आणि एक गाणारीजवळ, दुसरा तिच्यापासून साडेतीन मीटर दूर ठेवला, तर दुसऱ्यावर आवाज सुमारे १० मिलिसेकंद उशिरा उमटेल. दोन्ही मुद्रणे तशीच एकत्र वाजविल्यास आवाज पोकळ भासतो. अंतर ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. यास्तव प्रारंभी गाणारीच्या जागी उभे राहून एक स्पष्ट टाळी वाजवावी. चित्रपटवाले पाटी आपटतात ती याच कारणासाठी. तशीच दुसरी टाळी शेवटीही हवी, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. दशलक्षात २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. अशा वेळी लांब मुद्रण विरामाच्या जागी कापून त्याचे खंड स्वतंत्रपणे जुळवावेत.

'ऑडॅसिटी' ही विनामूल्य प्रणाली सन २००० पासून उपलब्ध आहे. तिच्या २०२१ मधील ३.१ या आवृत्तीपासून क्लिपच्या माथ्यावरील पट्टी धरून क्लिप सरकविता येते. परंतु केवळ माऊसने ओढणे म्हणजे डोळ्यांनी माप घेणे. प्रथम इच्छित वेळ खालच्या चौकटीत आकड्यांनी लिहावी. मिलिसेकंद दिसतील असे मापन निवडावे. त्या जागी खूणपट्टी लावावी. मग क्लिप ओढली असता तिची कड खुणेशी जुळताच पिवळी उभी रेघ उमटते. रेघ दिसली की हात सोडावा. ध्वनिखंड स्वतंत्र ट्रॅकवर असल्यास ट्रॅकचा आरंभ कर्सरपाशी आणण्याची आज्ञाही मेनूमध्ये आहे. टाळ्या जुळविताना चित्र इतके मोठे करावे की टाळीचा पहिला उभार वेगळा दिसेल. दूरवरून एकरूप दिसणाऱ्या दोन टाळ्यांत वीस-तीस मिलिसेकंद सहज लपतात.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, त्या गोष्टीकडे येतो. हेमा राईरकर व गी पॉइटेविन यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. दोघी दळत असताना एकीची ओळ संपता संपता दुसरी ती उचलते. पहिलीचा आवाज थांबला तेथे नेमका काप दिला, तर दुसरीचे पहिले अक्षर गेलेच म्हणून समजा. आठवणी सांगणाऱ्यांचेही तसेच आहे. "कारखाना बंद पडला तेव्हा घर कसे चालविले?" या प्रश्नानंतर वृद्ध कामगार चार सेकंद गप्प राहिला आणि आपण ते चार सेकंद गाळून उत्तर प्रश्नाला भिडविले, तर शब्द त्याचेच राहतात, पण साक्ष बदलते. ऐकणाऱ्याला वाटते, त्याने सहज सांगून टाकले. वेळेच्या बचतीसाठी खोकला गाळावा, पंख्याची घरघर कमी करावी. प्रश्न आणि उत्तर यांमधील अंतरास मात्र सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय हात लावू नये.

शाळांनी मूळ ध्वनिमुद्रण वेगळ्या फाइलीत अखंड ठेवावे. जोडकाम प्रतीवर करावे, आणि कोणता खंड मूळच्या कितव्या मिनिटापासून घेतला व तो नव्या कालपट्टीवर कोठे ठेवला, हे दोन आकडे वहीत लिहावेत. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू द्यावी.