नकाराचे वाचन



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेची ग्वाही द्यावी, हा आपल्याकडील परिषदांचा जुना शिरस्ता आहे. परंतु ज्याने आयुष्यात तीन वेळा आपल्याच यंत्राचे दार आपल्यावरच लावून घेतले, त्याने दिलेली ती ग्वाही केवळ विनयाची राहत नाही, म्हणून ती एवढ्यावरच आटोपतो. विषय तसा लहान आहे. लिनक्सच्या यंत्रावर ज्याला मुद्दाम मर्यादित अधिकारांचे खाते दिले आहे, त्याला एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेने एखाद्या कामास मज्जाव केला, तर त्या मज्जावाचे आपण व्यवस्थापक काय करतो, एवढाच.

ही व्यवस्था अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत आकाराला आली. डिसेंबर २००० मध्ये तिची संहिता सर्वांना खुली झाली आणि २००३ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. २००४ मध्ये फेडोराच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेले कडक धोरण रोजच्या वापराला इतके जाचक ठरले की त्याच वर्षअखेरीच्या तिसऱ्या आवृत्तीत निवडक सेवांनाच जखडणारे 'टार्गेटेड' धोरण पुढे आले, आणि यंत्रासमोर बसणारा माणूस मात्र 'अनकन्फाइन्ड', म्हणजे बिनबंधनाचा, राहिला. आजही फेडोरा किंवा रेड हॅटच्या यंत्रावर नवे खाते उघडले, की वेगळी ताकीद दिली नसेल तर ते याच बिनबंधनाच्या वर्गात जाते. परिणामी पंधरा-पंधरा वर्षे चाकरी केलेल्या माणसानेही वेब सर्व्हरला झालेला मज्जाव शंभरदा पाहिलेला असतो, पण बंधनातील वापरकर्ता मात्र एकदाही पाहिलेला नसतो. आणि जे पाहिलेले नाही ते समोर आले की आपण ते समजून घेण्याऐवजी हटवू लागतो.

या बंधनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. गेस्ट-यू या ओळखीच्या पाहुण्याला केवळ टर्मिनल मिळते, जाळ्यावर जाण्याची मुभा नाही. एक्सगेस्ट-यू याला चित्रमय पडदा मिळतो, पण बाहेरचे जग पाहायचे ते ब्राउझरच्या खिडकीतून. यूजर-यू हा घरचा माणूस. त्याला पडदाही आहे आणि जाळेही आहे, परंतु 'सु' किंवा 'सुडो' करून दुसऱ्याच्या अधिकारात शिरण्याची सोय नाही. स्टाफ-यू याला 'सुडो'पुरती वाट ठेवलेली आहे. कोणाला कोणती ओळख मिळाली आहे हे 'सीमॅनेज लॉगिन -एल' म्हटल्याने कळते, आणि आत शिरलेला माणूस स्वतः कोण आहे हे त्याला 'आयडी -झेड' सांगते.

या रचनेचे मर्म आपल्या श्रोत्यांना परके वाटू नये. शिवकालीन किल्ल्यावर किल्ल्या हवालदाराकडे, हजिरीपट व जमाखर्च सबनिसाकडे, आणि धान्य व सामग्री कारखानिसाकडे असे; गडाचे सर्वस्व एकाच्या हाती नसे, आणि म्हणूनच एकटा माणूस फितूर झाला तरी गड सहजी जात नसे. जुन्या युनिक्सने सर्व किल्ल्या, सर्व दप्तर व सर्व कोठारे 'रूट' नावाच्या एकाच पुरुषाच्या हवाली केली होती. एसईलिनक्सने त्या रूटलाही विचारले, 'आपण कोण, हे कळले. परंतु आपण कोणत्या कामावर आला आहात?' वापरकर्त्याचा शून्य क्रमांक पुरेसा राहिला नाही.

आता नकाराकडे येतो. ज्याला तो मिळतो त्याच्या पडद्यावर 'परमिशन डिनाइड' हे दोन शब्द उमटतात, आणि तेवढेच. कोणाला, कोणत्या वस्तूवर, कोणत्या कृतीसाठी, हा सर्व तपशील ऑडिटच्या दप्तरात नोंदला जातो, आणि ते दप्तर वाचण्याची मुभा त्या वापरकर्त्याला नाही. एखाद्या अर्जदारास कचेरीने 'अर्ज नामंजूर' एवढाच शेरा मारून पाठवावे आणि कारणांचा कागद मात्र आतल्या कपाटात कुलुपबंद ठेवावा, तशी ही परिस्थिती आहे. मी या व्यवस्थेचा कैवारी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते कुलूप योग्यच आहे, असे माझे मत आहे. परंतु त्यातून एक जबाबदारी निघते, आणि आज मला बोलायचे आहे ते तिच्याविषयीच: कारण वाचण्याचा अधिकार केवळ आपल्याकडे असताना आपण ते न वाचता निकाल बदलत असू, तर त्या वापरकर्त्याची कैफियत कोणीच ऐकलेली नसते.

नोंद वाचणे काही दुष्कर नाही. 'एव्हीसी' या शब्दाने ती ओळखू येते. तीत नाकारलेली कृती महिरपी कंसात असते, पुढे आज्ञेचे नाव, मग कर्त्याची ओळखचिठ्ठी, म्हणजे एसईलिनक्सने त्याला लावलेले लेबल, मग कर्माची ओळखचिठ्ठी, आणि शेवटी ते कर्म म्हणजे फाइल, डिरेक्टरी, सॉकेट की आणखी काही, हा वर्ग. व्याकरण शिकलेल्या माणसाला यात कर्ता, कर्म, क्रिया स्पष्ट दिसावीत. ओळखचिठ्ठीतील तिसरे पद, ज्याला 'टाइप' म्हणतात, तेच बहुधा निर्णायक असते. मात्र त्याआधी एक खातरजमा करावी लागते, आणि ती न केल्याने माझी कित्येक संध्याकाळी वाया गेल्या: जुने मालकी-परवानग्यांचे बंधन आधी तपासले जाते, आणि तेथेच नकार मिळाला तर प्रकरण एसईलिनक्सपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून एव्हीसीची ओळही उमटत नाही.

उदाहरणार्थ, एका शिक्षणसंस्थेत वापरकर्त्यांची घरे जुन्या डिस्कवरून 'डेटा' नावाच्या नव्या, प्रशस्त डिस्कवर हलविली गेली. दुसऱ्या दिवशी बिनबंधनाची मंडळी पासवर्ड देऊन आत आली आणि कामाला लागली. यूजर-यू असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र स्वतःच्या घरात एक ओळही लिहिता येईना. नोंद उघडली तेव्हा कर्त्याच्या जागी यूजर-यूचा टाइप 'यूजर-टी' होता, त्यात वावगे काही नव्हते. परंतु कर्माच्या जागी 'होम' या शब्दाचा मागमूस नव्हता, तेथे होते 'डिफॉल्ट-टी', म्हणजे ज्याची जात धोरणाला ठाऊकच नाही असे बेवारस स्थळ. चूक ना विद्यार्थ्यांची होती, ना नियमाची. घर हलविले, पण घरावरची पाटी हलविली नव्हती. 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ला नवी जागा जुन्या 'होम'च्या बरोबरीची आहे असे एकदा सांगितले आणि 'रिस्टोअरकॉन' फिरविले, की काम संपले. घाईचा माणूस येथे 'चकॉन' वापरतो. पाटी तात्पुरती बदलते, पुढे कधी संपूर्ण यंत्रावरील पाट्या नव्याने लावल्या गेल्या की ती पुसली जाते, आणि तोपर्यंत तो माणूस बहुधा दुसऱ्या नोकरीत रुजू झालेला असतो.

दुसरे प्रकरण अधिक बोधक. एका तरुण सहायकाला बढती मिळाली, 'व्हील' गटात त्याचे नाव घातले गेले, सुडोच्या यादीतही ते आले, आणि तरीही सुडो चालेना. कारण त्याची ओळख यूजर-यूच राहिली होती. तेथील ज्येष्ठ गृहस्थांनी 'ऑडिट-टू-अलाऊ'ला नोंदी पाजल्या. त्या उपकरणाने, सांगकाम्या नोकराच्या निष्ठेने, जे जे नाकारले होते ते ते मंजूर करणारा नियम लिहून दिला, आणि तो बसविण्याची तयारीही झाली. येथे क्षणभर थांबावे, कारण या विषयातील सर्वांत महाग चूक हीच आहे. धोरणातील नियम व्यक्तीच्या नावे लिहिलेला नसतो, तो टाइपच्या नावे असतो; एका सहायकासाठी यूजर-टीला दिलेली सवलत त्याच क्षणी त्या यंत्रावरील प्रत्येक यूजर-यूला मिळते, मग तो कालच प्रवेश घेतलेला विद्यार्थी का असेना. मूळ धोरण बरोबर होते, नेमणूक चुकीची होती. त्या सहायकाला स्टाफ-यू करणे, सुडोच्या यादीत त्याच्या नावापुढे भूमिका व टाइप लिहिणे, त्याच्या घरातील जुन्या चिठ्ठ्या 'रिस्टोअरकॉन'ला सक्तीचा '-एफ' लावून बदलणे, आणि त्याला बाहेर पडून पुन्हा आत यावयास सांगणे, एवढाच उपाय होता. आणि त्यातले शेवटचे कलम विसरल्यामुळे आणखी अर्धा तास गेला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

'सेटएन्फोर्स शून्य' या सर्वपरिचित मात्रेविषयी मी फारसे बोलत नाही. एका उंबऱ्याला ठेच लागली म्हणून साऱ्या वाड्याची दारे उघडी टाकण्याचा तो प्रकार आहे, आणि ज्याला खरोखरच पाहायचे आहे की बंधन नसते तर काय घडले असते, त्याला 'सीमॅनेज परमिसिव्ह'ने एकटा यूजर-टी तेवढा सैल करून, नोंदी चालू ठेवून, ते पाहता येते.

अधिक सूक्ष्म अडचण मौनाची आहे. धोरणकर्त्यांनी काही नकार 'डोन्टऑडिट' म्हणून ठरविले, म्हणजे नकार द्यावा पण नोंद करू नये. हेतू असा की निरुपद्रवी कुरबुरींनी दप्तर भरून जाऊ नये. हेतू चांगला, पण बंधनातील वापरकर्त्याच्या बाबतीत कधीकधी नेमकी हवी ती ओळच या मौनात गडप होते, आणि व्यवस्थापक 'नोंद नाही, म्हणजे एसईलिनक्सचा संबंध नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. 'सीमॉड्यूल -डीबी'ने ते मौन तात्पुरते मोडता येते. काम झाल्यावर '-बी'ने ते पूर्ववत करावे, नाहीतर सकाळपर्यंत दप्तर वाचण्याच्या पलीकडे जाते.

आणि कधी नकारच योग्य असतो. पाहुण्याच्या खात्यातून जाळ्यावर जाण्याचा प्रयत्न झाला आणि तो नाकारला गेला, तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही; त्या माणसाला तसे समजावून सांगणे, हेच काम.

एका महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक वयस्क लेखनिक माझ्याकडे आले होते, त्यांची आठवण सांगून थांबतो. त्यांचे खाते बंधनातील होते, त्याचे कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि पडद्यावरचे इंग्रजी त्यांना फारसे कळत नव्हते. परंतु त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर, सुबक अक्षरात, दिसलेले शब्द जसेच्या तसे उतरवून आणले होते, आणि खाली, जन्मभर आवक-जावक वहीत वेळ टिपण्याच्या सवयीने, लिहिले होते: दुपारी ३ वाजून १२ मिनिटे. मी दप्तरात त्या वेळेपासून शोध घेतला. पहिलीच ओळ त्यांची होती.