करण कुठं गेला होता?



'मैंने प्यार किया' हा सिनेमा 29 डिसेंबर 1989 रोजी प्रदर्शित झाला. आमच्या खोलीत तो पोचला पुढच्या उन्हाळ्यात, व्हीएचएस कॅसेटवर, कॉपीची कॉपी होऊन. सलमान खानचा लाल शर्ट आमच्या टीव्हीवर शर्टाच्या बाहेर चार बोटं सांडायचा. पण तक्रार कोण करणार? खोली मस्कतच्या अल् खुवैर भागात, दुसऱ्या मजल्यावर. खुवैर म्हणजे एका बाजूला हमरस्ता आणि त्यापलीकडं सरकारची मंत्रालयं, दुसऱ्या बाजूला झाडाचं नाव नसलेले काळपट डोंगर, आणि मधे पांढऱ्या इमारती. प्रत्येक खिडकीत एसी, प्रत्येक एसीवर कबुतरं.

खोलीत चौघं राहायचो. मी सांगलीचा, बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. करीमनगरकडचा एक तेलुगू सुतार. केरळचा एक टायपिस्ट. आणि खेडचे भाई. भाई वादी कबीरच्या गॅरेजात मेकॅनिक होते, वयानं आमच्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. गावी आई, बायको, दोन मुली. चौघांनी वर्गणी काढून व्हीसीआर घेतला होता. गुरुवारी रात्री जेवणं उरकली की गाद्या भिंतीला लावायच्या आणि बसायचं. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे किती वाजता झोपलात हे विचारणारं कुणी नाही.

सिनेमा सव्वातीन तासांच्या आसपासचा. पण खरं सांगू, पहिल्या रात्री तो आम्ही पाहिला कमी आणि भांडलो जास्त. भांडण होतं सिनेमाच्या मालकीवरून. तेलुगू गडी म्हणाला, हिरो गातो तो आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा, म्हणजे सिनेमा आमचा. (पुढं तो तेलुगूत 'प्रेम पावुरालु', म्हणजे प्रेमाची कबुतरं, या नावानं आला तेव्हा तर त्याला जोरच चढला.) मी म्हटलं, अरे बाबा, नायिका भाग्यश्री पटवर्धन, सांगलीच्या राजघराण्यातली. तिच्यासाठी गातात लता मंगेशकर, आणि दीदींचं बालपण आमच्या सांगलीतच गेलं. म्हणजे पडद्यावर विशीतली सांगली आणि पडद्यामागं साठीतली सांगली! नायकाची आई रीमा लागू, जी सलमानपेक्षा जेमतेम साडेसात वर्षांनी मोठी. मनोहर झालाय तो लक्ष्मीकांत बेर्डे. नाच बसवले जय बोराडे यांनी. आता बोल.

आणि माझा हुकमाचा एक्का तर अजून हातातच होता: संगीत रामलक्ष्मण. ही दोन माणसं, असं खोलीत सगळ्यांनाच वाटत होतं. होतीही, एकेकाळी. नागपूरचे विजय पाटील हे त्यातले लक्ष्मण आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र हे राम. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार'पासून, म्हणजे 1975 पासून, ही जोडी जमली. 'मैंने प्यार किया' काढणाऱ्या राजश्री कंपनीचं काम मिळालं आणि 1976 मध्ये राम गेला. विजय पाटलांनी नाव बदललं नाही. पुढची पंचेचाळीस वर्षं, 2021 मध्ये नागपुरात डोळे मिटेपर्यंत, ते गेलेल्या मित्राचं नाव आपल्या नावाच्या आधी लावत राहिले. 'मैंने प्यार किया'तली एक चाल स्टीव्ही वंडरच्या गाण्यावरून सरळ उचललेली आहे, हे काही लपून राहिलेलं नाही. पण बाकीच्या चाली अशा की दादांच्या सिनेमात ढोलकीवर बसतील आणि इथं गिटारवरही बसल्या. त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअर पारितोषिक त्यांनाच मिळालं. आमच्या हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो तेच गुणगुणत होता.

मी हे तावातावानं मांडत होतो तेव्हा भाई एक अक्षर बोलत नव्हते. ते पाहत होते करणकडं.

करण म्हणजे आलोक नाथ. नायिकेचा, म्हणजे सुमनचा बाप. तुम्हांला नायक प्रेम आठवतो, सुमन आठवते, चिठ्ठी नेणारं कबुतर आठवतं, ती 'फ्रेंड' लिहिलेली टोपीही आठवते. करण कोण आठवतो? पण दिग्दर्शक सूरज बडजात्या यांच्या त्या पहिल्याच सिनेमाची सगळी कळ तिथं आहे. करण गरीब मेकॅनिक. मुलीचं लग्न करायचं तर पैसा हवा, म्हणून तो परदेशी जातो, आणि जाताना मुलीला श्रीमंत मित्राच्या घरी ठेवतो. तो गेला म्हणून सुमन त्या बंगल्यात आली, म्हणून प्रेम भेटला, म्हणून पुढची सगळी गाणी. बाप गावातच राहिला असता तर सिनेमाच झाला नसता.

करण निरोप घेऊन निघाला तसे भाई म्हणाले, "थांबव." मी कॅसेट थांबवली. मला वाटलं, त्यांना भरून आलं. तसलं काही नव्हतं. भाईंना प्रश्न पडले होते. "ह्याला व्हिसा दिला कुणी? अरबाब कोण ह्याचा?" अरबाब म्हणजे इथला मालक, ज्याच्या नावावर आपण या देशात असतो तो. मी म्हटलं, भाई, सिनेमा आहे. तर म्हणे, "लाव पुढं." मग गाणी झाली, पार्टी झाली, ओठ आणि काच यांचं ते प्रसिद्ध दृश्य झालं, आणि करण परत आला. भाई पुन्हा म्हणाले, "थांबव. इतक्यात सोडला कसा? पासपोर्ट कुणाकडं होता ह्याचा?"

त्यानंतर मी तो सिनेमा पाचसहा वेळा तरी पाहिला असेन आणि दर वेळी भाईंच्या प्रश्नाशी अडकतो. करण जिथं गेला ती जागा सिनेमात दिसत नाही. त्यानं तिथं काय खाल्लं, कुणाबरोबर राहिला, किती पत्रं लिहिली, काही नाही. तो फाटकातून बाहेर पडतो आणि फाटकातून आत येतो. आम्ही खुवैरमधली माणसं त्या दोन फाटकांच्या मधे राहत होतो.

शेवटाकडं करण एक अट घालतो, ती आठवत असेल. प्रेमनं बापाच्या पैशाला हात न लावता, स्वतःच्या अंगमेहनतीनं एका महिन्यात 2000 रुपये कमवून आणायचे. मग तो करोडपतीचा पोरगा ट्रक चालवतो, खाणीत दगड उचलतो. मुंबईपुण्याच्या शिकलेल्या मंडळींना हा भाग फार बाळबोध वाटला. आम्ही मात्र लगेच हिशेबाला बसलो. तेव्हाच्या भावानं 2000 रुपये म्हणजे पन्नास रियालच्या आत. केरळचा टायपिस्ट म्हणाला, एवढे तर इथला मजूर मिळवतो. त्यासाठी गुंडांचा मार कशाला खायचा?

पण त्या अटीचा खरा अर्थ मला सांगितला एका टॅक्सीवाल्यानं. नारिंगी-पांढरी टॅक्सी, चालवणारा बलुची घराण्यातला ओमानी, हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. शिकला कुठं? सिनेमात. त्याला हा सिनेमा तोंडपाठ होता, आणि आम्ही ज्या भागाला हसलो होतो तोच त्याला सगळ्यांत खरा वाटत होता. कारण त्याचं स्वतःचं लग्न मेहरच्या रकमेसाठी अडलं होतं. इकडं लग्न ठरलं की मेहर द्यायचा तो मुलानं. तो जमेपर्यंत पोरं टॅक्सी चालवतात, नोकऱ्या करतात. त्यामुळं त्याला वाटलं, करणनं मागितला तो मेहरच, आणि बाप शहाणा म्हणून थोडक्यात मागितला. त्याला कळत नव्हतं ते दुसरंच. मला विचारतो, "मुलीच्या लग्नासाठी तिचा बाप का परदेशी गेला? जायला पाहिजे तो मुलगा!" मी हुंड्याचा विषय काढला नाही. मस्कतचा रुवी भाग येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो. रात्री भाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "मेहर आमच्यातही असतो रे. तो कागदावर. खर्च बापाच्या खिशातून."

आणखी एक गंमत. त्या टॅक्सीवाल्याच्या वडिलांना 2000 रुपयांचं रियालमध्ये भाषांतर करून सांगावं लागलं नव्हतं. 1970 पर्यंत या देशात रुपया चालायचा. आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी 1959 पासून वेगळ्या नोटा काढल्या होत्या. खुवैरमध्ये आज ज्यांच्या नावाची तुर्की घाटाची मशीद आहे, ते सुलतान सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. त्यांचे वडील सुलतान तैमूर यांनी 1932 मध्ये गादी सोडली आणि ते 1965 साली मुंबईत वारले. तेव्हा हिंदी सिनेमा इथं परका म्हणून आला, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पुढं 2008 मध्ये झी अफलाम आणि 2013 मध्ये एमबीसी बॉलिवूड या अरबी वाहिन्या आल्या, आणि माझ्या शेजारची ओमानी आजी माधुरी दीक्षितच्या तब्येतीची चौकशी माझ्याकडं करू लागली, जणू मी तिचा भाचा.

माधुरीचा 'हम आपके हैं कौन' 1994 चा. राजश्रीनं सुरुवातीला त्याच्या व्हिडिओ कॅसेटचे हक्क विकलेच नाहीत. हिंदी सिनेमा म्हणजे रुवीचं गोल इमारतीतलं स्टार थिएटर, हे समीकरण आम्हांला तेव्हा पुन्हा आठवलं. भाईंना म्हटलं, चला, त्याच लोकांचा आहे: सलमान, रीमाताई, लक्ष्या, रामलक्ष्मण, सगळे. आलोक नाथही आहे. भाईंनी गोष्ट विचारली. ऐकून म्हणाले, "ह्यात बाप घरीच आहेत की सगळे." आणि आले नाहीत.

पुढच्या वर्षी, 20 ऑक्टोबर 1995 ला, 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला आणि परदेशातला बाप एकदाचा सिनेमाच्या मधोमध उभा राहिला. पण कुठं? लंडनच्या ट्रफाल्गर चौकात, कबुतरांना दाणे टाकत. हा सिनेमा मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात हजार आठवड्यांपलीकडं चालला. चांगलाच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण हिंदी प्रेमपटानं परदेश म्हणून लंडन धरलं, न्यूयॉर्क धरलं, स्वित्झर्लंडचा बर्फ धरला. आखात धरलं ते फक्त गल्ल्यासाठी. इथं नवा हिंदी सिनेमा गुरुवारीच लागतो, भारताच्या एक दिवस आधी, खाली अरबी अक्षरं घेऊन. 2013 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई दोबारा'चं चित्रीकरण ओमानमध्ये झालं, म्हणून तो आम्ही हौसेनं पाहायला गेलो. समुद्र दिसला, डोंगर दिसले. जिन्यात डबा घेऊन चढणारा माणूस दिसला नाही. तो दाखवला मल्याळी सिनेमानं. मामुट्टीचा 2015 चा 'पत्तेमारी' पाहा. आणि आपल्या मराठीनं? रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत घरटी एक माणूस आखातात असताना मराठी सिनेमालाही तो दिसू नये, हे मला बरं वाटत नाही.

आता भाईंची एक गोष्ट सांगून थांबतो.

आमच्या खोलीत तो सिनेमा आला त्या वर्षी भाईंनी रुवीच्या दुकानातून 'मैंने प्यार किया'च्या गाण्यांची ऑडिओ कॅसेट आणली, मुलींसाठी. बी साइडला गाणी संपल्यावर थोडी टेप कोरी उरते, हे त्यांच्या ध्यानात आलं. विकतच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून वरची दोन चिमुकली झाकणं तोडलेली असतात. भाईंनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. मग अडचण आली एसीची. त्याची घरघर सगळी टेपमध्ये उतरायची. म्हणून मे महिन्याच्या रात्री त्यांनी एसी बंद केला, आम्हांला गच्चीवर पिटाळलं, आणि बनियन भिजून अंगाला चिकटेपर्यंत ते त्या टेपरेकॉर्डरशी बोलत बसले. गच्चीचं दार उघडं होतं. फणसाला यंदा किती लागले, एवढं विचारलेलं मी ऐकलं. पुढचं ऐकू नये म्हणून आम्ही पलीकडच्या कठड्याला गेलो.

कॅसेट गावी जाणाऱ्या माणसाबरोबर गेली. भाईंनी पत्रात मुद्दामच काही लिहिलं नाही. मुलींना आपोआप सापडावं, अशी त्यांची गंमत. तीन महिने खेडहून पत्रं येत होती: गाणी छान आहेत, शेजारचे ऐकायला येतात, कॅसेट रोज लागते. आवाजाबद्दल एक शब्द नाही. गाणं संपलं की कुणीतरी उठून बटण दाबायचं. शेवटी धाकटीला एकदा ऐकता ऐकता झोप लागली आणि कॅसेट चालूच राहिली, तेव्हा कळलं.

श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर, कपाटावर, आखातातून आलेल्या जुन्या कॅसेटी असतील. वाजवणारं यंत्र कुणाकडून तरी मागून आणा. आधी वरच्या भोकांवर चिकटपट्टी आहे का, ते बघा. असली तर गाणी संपल्यावर लगेच बटण दाबू नका.