विजेचा हिशेब

कल्याणहून ठाण्याकडे धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावर एक तार असते. रोजच्या प्रवाशाची दृष्टी तिच्याकडे क्वचितच जाते. परंतु विजेच्या गणिताचा उत्तम धडा त्या तारेतच सामावलेला आहे.

प्रथम परिभाषा पाहू. नळातील पाण्यास जसा दाब असतो, तसा विजेसही असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याच्या ओघास येथे प्रवाह म्हणतात. त्याचे माप ॲम्पिअर. नळी अरुंद असली म्हणजे ओघ अडतो; तारेच्या अशा अडवणुकीस रोध म्हणतात व त्याचे माप ओहम. दाबास रोधाने भागले असता प्रवाह मिळतो, हा नियम गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तिचे माप वॅट. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणून येते. सारे मर्म या ‘वर्ग’ शब्दात आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. पुढे ही सोय कल्याणपर्यंत व त्याही पलीकडे पोहोचली, आणि तिच्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेने स्वतःचे वीजगृह उभारले. ते आता बंद आहे. तारेतील दाब तेव्हा १,५०० व्होल्ट होता. समजा, उपकेंद्रातून एका गाडीकडे १५ लक्ष वॅट शक्ती निघाली; तर प्रवाह १,००० ॲम्पिअर झाला. वाटेतील रोध एक दशांश ओहम धरला, तर १०० व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडतो आणि एक लक्ष वॅट उष्णतेत जातात. म्हणूनच थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे बांधणे भाग होते.

मुंबई-कल्याण मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम २०१५ साली पूर्ण झाले. प्रत्यावर्ती प्रवाहातील इतर बारकावे बाजूस ठेवून तोच हिशेब केला, तर प्रवाह अवघा ६० ॲम्पिअर, दाबातील घट ६ व्होल्ट आणि व्यय केवळ ३६० वॅट! दाब सुमारे सतरापट वाढला, व्यय पावणेतीनशेपटींहून अधिक घटला.

हाच वर्ग घरात मात्र घातक ठरतो. घरचा दाब २३० व्होल्ट. पाणी तापविण्याचे २,३०० वॅटचे यंत्र १० ॲम्पिअर ओढते. डोंबिवलीतील एखाद्या चाळीत त्याच्या वायरचा सांधा सैल राहून अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, तर त्या नखाएवढ्या जागी सुमारे ५० वॅट उष्णता साठू लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नमध्ये जवळजवळ एवढीच शक्ती असते! प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते.

तेव्हा फ्यूज वारंवार जळत असेल, तर तेथे जाड तार बसवू नये. फ्यूज जळतो तो घर जळू नये म्हणून.