समाजमाध्यमे : भाड्याचे घर की स्वतःचे?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी मला ‘विद्यार्थी आणि मोबाइल’ या विषयावर बोलावयास सांगितले. या विषयावरील बहुतेक भाषणे मोबाइल वाईट, तो मुलांच्या हातून काढून घ्या, असे सांगून संपतात. परंतु शाळेची सूचना, परीक्षेचा अर्ज, आखातात नोकरी करणाऱ्या भावाची खुशाली, हे सारे आज मोबाइलवरच येते. तो काढून घेऊन भागणार नाही. म्हणून मी थोडा वेगळा प्रश्न आपणापुढे ठेवतो. मोबाइलमधील ज्या जागी आपण रोज जमतो, ती जागा कोणाच्या मालकीची आहे?

हा प्रश्न आपल्या मुलांच्या नफ्या-तोट्याचा कसा आहे, ते आधी सांगतो. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती’ परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसेल आणि मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. हमाली करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या बापाला ही रक्कम लहान नाही. दुसरीकडे पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. आता समजा, बंद झालेल्या शिष्यवृत्तीचा जुना संदेश कोणी गटावर टाकला, आणि चालू परीक्षेची शेवटची तारीख शंभर शुभेच्छांच्या खाली दबून गेली. नुकसान कोणाचे झाले? संदेश पाठविणाऱ्याचे नाही. ज्या कंपनीचे अ‍ॅप आहे तिचेही नाही. नुकसान त्या मुलाचे झाले, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

या माध्यमांचे मालक फार थोडे आहेत. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले. त्याच कंपनीने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतले आणि २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर देऊन व्हॉट्सअ‍ॅप घेण्याचा करार केला. आपण यांपैकी कशासाठीही पैसे मोजीत नाही. मग कंपनीचे पोट कशावर चालते? मुख्यतः जाहिरातीवर. जितका वेळ आपण पडद्यासमोर बसू, तितक्या जाहिराती आपणास दाखविता येतात. म्हणून फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर आपणास आधी काय दिसावे, हे कंपनीचे गणित ठरविते, आणि ज्याने माणूस चिडतो, घाबरतो किंवा हरखून जातो, ते त्या गणितात पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते. अभ्यासाची तारीख पाहून कोणी चिडत नाही. ती मागे पडते.

व्हॉट्सअ‍ॅपचे थोडे निराळे आहे. तेथील संदेश कंपनीला वाचता येत नाहीत, ही त्याची जमेची बाजू. पण एकाच वेळी हजारो गटांत अफवा पसरते, तेव्हा तिला थोपविणारे कोणी नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. अशा टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण पाच जीव गेल्यावर आली. आणि ती घालावी की न घालावी, हे ठरविणारे कार्यालय राईनपाड्यापासून हजारो मैल दूर होते.

भाड्याच्या घराचे दुसरे दुखणे म्हणजे मालक कधीही ‘जागा खाली करा’ म्हणतो. येथे बसलेल्या तिशी-चाळिशीतल्या पालकांना ‘ऑर्कुट’ आठवत असेल. आपल्या देशात त्यावर लाखो लोक होते. शाळांचे, गावांचे, कवितांचे गट होते. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद केले. कोणा सभासदाचे मत घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेथे सभासद कोणी नव्हते, सारे भाडेकरू होते.

याउलट १९९६ मध्ये परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांच्या पुढाकाराने ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आले. या स्थळांवर लेख, कविता, पाककृती, शेती, आजारपण, सर्व विषयांवर मराठीत लिहिले जाते. नियम तेथील मंडळींनी ठरविलेले, भांडणे मिटविणारेही त्यांच्यातीलच. एका ठिकाणी पटले नाही तर काहींनी दुसरे घर बांधले. ऑर्कुट येऊन गेले, पण ही घरे उभी आहेत. याचे कारण एकच, ती चालविणाऱ्यांना त्यांची गरज आहे.

मात्र या घरांत एक उणीव राहिली. एका घरातून दुसऱ्या घरी जायला रस्ता नाही. दोन्हीकडे बोलावयाचे तर दोन्हीकडे नाव नोंदवावे लागते. टेलिफोनचे तसे नाही. माझे सिम एका कंपनीचे, तुमचे दुसऱ्या कंपनीचे, तरी फोन लागतो. ई-मेलचेही तसेच आहे. मग समाजमाध्यमांचे असे का होऊ नये? याच विचारातून विकेंद्रित माध्यमे निघाली. २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने ‘मॅस्टोडॉन’ नावाची प्रणाली लोकांपुढे ठेवली. ती कोणालाही मोफत घेऊन आपल्या सर्व्हरवर बसविता येते. एखादी शाळा, ग्रंथालय, पंचवीस मित्र, कोणीही आपले घर उभारावे, नियम आपले ठेवावेत, आणि तरीही इतर हजारो घरांतील लोकांशी बोलावे. या घरांना जोडणारा जो सामाईक नियम आहे, त्याला २०१८ मध्ये वेबचे मानदंड ठरविणाऱ्या संस्थेने मान्यता दिली. तेथे जाहिराती नाहीत. ज्यांना आपण निवडले त्यांचेच लिखाण, ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने दिसते.

आपल्या देशात हे नाव नोव्हेंबर २०१९ मध्ये गाजले. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. हिटलरच्या काळी सारा जमाव हात उंचावून सलामी देत असताना एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे एक जुने छायाचित्र त्यांच्या खात्यावर होते. त्याच्या निषेधार्थ अनेक लेखक, पत्रकार, विद्यार्थी मॅस्टोडॉनवर गेले. पण त्यांतील पुष्कळजण हळूहळू परतले. का? ओळखीची माणसे जुन्याच जागी राहिली होती. यातून मी असा बोध घेतो की, एकट्याने स्थलांतर करून उपयोग नाही. आधीच एकमेकांना ओळखणारा समूह एकत्र गेला, तरच नवे घर नांदते.

आता या मार्गातील अडचणीही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. लहान घरेही बंद पडतात. ‘मोझिला’सारख्या मोठ्या संस्थेनेसुद्धा आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. घर बदलताना आपले अनुयायी बरोबर नेता येतात, पण जुने लिखाण नव्या घरी येत नाही. तेथील खासगी संदेश सर्व्हर चालविणाऱ्याला पाहता येऊ शकतात. म्हणून गुपिताची जागा ती नव्हे. सर्व्हरचे भाडे कोणीतरी भरावे लागते, आणि शिवीगाळ झाली तर ती काढणारा माणूसही आपलाच लागतो. आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. जेथे सभासद बैठकीला आले, हिशेब विचारला, तेथे सहकार टिकला. जेथे सभासद झोपले, तेथे काय झाले, ते आपण जाणता.

मग आपण काय करावे? उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅप सोडा, असे मी सांगणार नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, संस्थेने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे आणि परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची प्रत्येक सूचना आधी तेथे तारखेसह, मराठीत आणि उर्दूत, लावावी. गटावर फक्त तिचा दुवा जावा. दुव्याशिवाय आलेली सूचना खरी मानू नये. एवढ्याने जुने संदेश फिरणे पुष्कळ कमी होईल.

दुसरी, माजी विद्यार्थ्यांची नोंदवही, त्यांची संमती घेऊन, संस्थेपाशी असावी. आज ती एखाद्याच्या मोबाइलमध्ये आहे. त्याचा फोन हरवला की पुण्यात, हैदराबादेत आणि आखातात पसरलेली आपली मुले आपल्यापासून तुटतात.

तिसरी, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून एक छोटे विकेंद्रित घर वर्षभर चालवून पाहावे. नियम आधी लिहावेत. देखरेखीला तिघे असावेत, त्यांत एक शिक्षिका असावी. वर्षाच्या शेवटी खर्चाचा हिशेब याच मेळाव्यात मांडावा. शाळेत शिकणाऱ्या मुलांना तेथे तूर्त खाते देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा म्हणतो म्हणून नव्हे, तर आपली मुले म्हणून आपण ती पाळावी. मोठ्या ताई-दादांनी दहावीनंतर काय, बी.एस्सी. की डिप्लोमा, वसतिगृह कोठे मिळते, याची उत्तरे तेथे लिहावीत. ती एकदा लिहिली की पुढच्या वर्षीच्या मुलीला पुन्हा शोधत फिरावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील कोणी संगणक शिकत असेल तर त्याने हे काम शिकून घ्यावे. सर्व्हर चालविणे, नियम मराठीत लिहिणे, भांडण झाले असता दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणे, हे कोणत्याही पदवीइतकेच उपयोगी शिक्षण आहे.

पालकहो, ही शाळा आपल्यासाठी दुसरे कोणी येऊन चालवीत नाही. कोणी जागा दिली, कोणी वर्गणी दिली, कोणी रात्री बसून हिशेब लिहिला, म्हणून ती उभी आहे. मोबाइलमधील आपली जागाही त्याच रीतीने उभी राहू शकते. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत या तीन सूचनांचा विचार व्हावा, अशी अध्यक्ष महोदयांना नम्र विनंती करतो आणि माझे दोन शब्द पुरे करतो.